दोन हातोडे छाप

बाबूजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या सायकलसमोर उकिडवे बसून तिच्या पाइपवर चवन्नी वाजवत होते. नर्सच्या नोकरीवर रुजू झाल्याचा कागद देऊन मी ऑफिसातून बाहेर येत होते. वय बावीस, गाव नवं आणि राग कायम नाकावर. मला वाटलं, कुलूप कुठून तुटेल ते हा माणूस पाहतोय.

"काय करून राहिले तुमी?" मी विचारलं.

त्यांनी वर पाहिलंही नाही. खालच्या तिरप्या पाइपला कान लावला, पुन्हा चवन्नी वाजवली आणि म्हणाले, "मोर छाप. कोणं घेऊन देली तुले?"

"बापानं."

"बाप भोळा आहे तुहा. वरून रंग चांगला, आतून दम नाही. पोतंभर धान टाकलं का मान टाकते."

"धान कायले टाकू मी? नर्स आहे."

"मंग दाई बसवशीन मागं. औषधाची पेटी बांधशीन. तेबी वजनच आहे ना."

एवढं बोलून चवन्नी खिशात घातली आणि चालते झाले. ना नाव विचारलं, ना गाव. माझ्या बापाला भोळा म्हणणारा हा म्हातारा कोण, म्हणून मी तणतणत शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "स्टोअरवाले बाबूजी. त्याईचं मनावर नका घेऊ बाई. साहेबाच्या सायकलीलेबी तसंच म्हणतेत."

कोणत्या तालुक्याचं ऑफिस ते मी सांगणार नाही. तिथले साहेब आता नाहीत, पण त्यांची मुलं आहेत, आणि मुलांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. बाबूजींचं नावही सांगत नाही. त्यांना नाव छापून आलेलं आवडलं नसतं. त्यांच्या डोक्यात छापावर विश्वास ठेवायचा नाही हे फार पक्कं बसलं होतं, आणि ते का बसलं तेच मला सांगायचं आहे.

स्टोअर म्हणजे एक अंधारी खोली. फिनेलचे डबे, ब्लीचिंग पावडरची पोती, कंदील, कोरी रजिस्टरं, उंदरांनी कुरतडलेल्या सतरंज्या. या सगळ्याचे बाबूजी मालक. शिक्षण सातवी. कारखान्यात कधी काम केलेलं नाही, सायकलच्या दुकानात कधी पंक्चर काढलेलं नाही. पण सायकलच्या फ्रेमचा पाइप हा विषय निघाला की समोरच्याची सुटका नव्हती. त्यांच्या मते आमच्या भागात चार छापांचे पाइप फिरत होते. सूर्यफूल सगळ्यांत वाईट. त्याला ते पापड म्हणत. त्याच्यावर मोर, म्हणजे आमच्या भोळ्या बापाचा. मग ताडाचं झाड. सरळ, कडक, पण एकदा वाकला की कितीही ठोका, पुन्हा सरळ व्हायचा नाही. आणि सगळ्यांच्या वर दोन हातोडे. विलायती. अखंड पाइप. म्हणजे पत्रा गुंडाळून जोडलेला नाही, लोखंडाचा गोळा तापवून ओढत ओढत काढलेला. आत बोट घातलं तर जोडाची रेघ लागत नाही.

माणसांनासुद्धा ते याच चार खणांत टाकत. नवा डॉक्टर आला की आठ दिवस पाहत आणि निकाल देत. "ताड आहे. बरा आहे, पण याले कोणी वाकवू नये." एका ग्रामसेवकाला त्यांनी तोंडावर सूर्यफूल म्हटलं होतं. तो बिचारा खूश झाला, कारण त्याला अर्थ माहीत नव्हता. मला पहिली दोन वर्षं त्यांनी मोरातच ठेवलं. मी चिडायचे, ते हसायचे.

आता यात हसण्यासारखं आहेच, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या भागात सायकल हवा खायला नसते. धानाचं पोतं फ्रेमच्या त्रिकोणात आडवं घालायचं, वर एक पोतं कॅरियरला बांधायचं आणि बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, सायकल हाताने ढकलत राइस मिलपर्यंत न्यायची, हे सायकलचं खरं काम. माणूस बाजूने चालतो, बसतं ते धान. धुरा वीतभर रुंद, दोन्हीकडे चिखल. अशा वेळी फ्रेम मोडली तर हॅण्डल माणसाच्या पोटात जातं. बाबूजींचा धाकटा भाऊ असाच जायबंदी झाला होता. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, त्यांच्या बायकोने सांगितलं.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळ्या नर्सा काकू म्हणायचो. शांत बाई, पण बोलली की एकच वाक्य आणि तेही नेमकं. बाबूजी दर रविवारी राइस मिलसमोर जाऊन बसत, कोणाची सायकल मोडली की मोडका पाइप मागून आणत. मग त्याच्या कडा कानशीने घासायच्या, छाप कोणता आणि किती पोत्यांनी मोडला त्याची चिठ्ठी बांधायची आणि तुकडा ओसरीच्या आढ्याला सुतळीने टांगायचा. असे तीसेक तुकडे लटकत होते. वारा आला की सगळी ओसरी वाजायची. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "बस बाई. घंट्याच घंट्या आहेत, फक्त देव तेवढा नाही."

दोन हातोड्यांचा तुकडा मात्र त्या ओसरीवर नव्हता. तो पाइप कधी मोडतच नाही, मग टांगणार काय, असं बाबूजी म्हणत. तो त्यांच्या स्वतःच्या सायकलीत होता. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीतल्या कोणा गोऱ्या साहेबाची ती सायकल. साहेब देश सोडून गेला, सायकल दोन-तीन हात फिरली आणि तिसऱ्याच कोणाकडून बाबूजींनी घेतली. घेण्याआधी सीटचा दांडा काढून आत बोट घातलं होतं. आतून गुळगुळीत. ते बोट ते अजून दाखवायचे. "या बोटानं पाहिली आहे मी." वीस वर्षं झाली होती. काळा रंग, सीटखाली दोन हातोड्यांचा सोनेरी छाप. रोज सकाळी खोबरेल तेलाचा हात फिरायचा, आणि त्या छापावर कापड जरा हळूच जायचं.

त्या सायकलीवर काकू कधी बसल्या नाहीत. बाजाराला निघाले की बाबूजी सायकल हातात धरून चालायचे आणि काकू तिच्या पलीकडून चालायच्या. मधून सायकल जायची. कॅरियर होतं, पण त्याच्यावर कधी पिशवीसुद्धा ठेवली नाही. मी एकदा म्हटलं, "इतका मजबूत पाइप आहे तर काकूले काहून नाही बसवत?"

"मजबूत आहे म्हणून का राबवाचं त्याले?" ते म्हणाले. मला भयंकर राग आला.

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. तालुक्यातल्या सगळ्या सायकलींवर चवन्नी वाजवणारा हा माणूस स्वतःच्या सायकलीवर कधीच वाजवायचा नाही. विचारलं तर म्हणायचे, गरज नाही.

काकूंची सख्खी बहीण जवाहरनगरला राहायची. बहिणीचा नवरा, म्हणजे बाबूजींचा साडू, तिथल्या फॅक्टरीत कामाला. लोखंडातला माणूस. सणाला हे दोघं तिकडे गेले असताना जेवायला बसल्या बसल्या पाइपचा विषय निघाला. साडू म्हणाला, भाऊ, जोड असला म्हणून पाइप वाईट होत नाही, जोड नीट मारला असेल तर तोही टिकतो, खरी गोष्ट जाडीची आहे. एवढंच म्हणाला. बाबूजी ताटावरून उठले. हात धुतले, काकूंना म्हणाले चल, आणि भर दुपारी एसटी पकडून परत आले. त्यानंतर सहा वर्षं त्यांनी त्या घराचं नाव काढलं नाही. काकूही गेल्या नाहीत, म्हणजे त्यांना जाता आलं नाही. कोणाच्या लग्नात बहीण दिसली की दोघी मांडवाच्या मागे जाऊन रडत. एका पाइपच्या जोडापायी. मी हे काकूंच्या तोंडून ऐकलं तेव्हा आठ दिवस बाबूजींशी धड बोलले नाही.

पण हाच माणूस दर महिन्याच्या मीटिंगला आम्हा अकरा नर्सांना अंगणात उभं करायचा. साहेब यायच्या आधी. आपापल्या सायकलीसमोर बसवायचा आणि हॅण्डलच्या मानेखाली, जिथे पाइप येऊन मिळतात तिथे, रंगाला बारीक चीर गेली आहे का ते नखाने पाहायला लावायचा. "पाइप येकाएकी नाही मोडत. पहिले रंग सांगते. तुमाले पाहाले येत नाही म्हणून येकाएकी मोडला म्हणता." आम्ही हसायचो. लुगडी सावरत उकिडव्या बसलेल्या अकरा बायका पाहून शिपाईसुद्धा हसायचे. मग एकदा लाखांदूरकडून बदलून आलेल्या वयस्कर सिस्टरच्या नखाला चीर लागली. केसासारखी. बाबूजींनी तिला त्या सायकलीवर बसू दिलं नाही, स्वतः तिच्यासोबत नऊ किलोमीटर चालत तिला गावी पोचवून आले. चौथ्या दिवशी दुरुस्तीवाल्याच्या हातात ती फ्रेम दोन तुकडे होऊन आली. त्यानंतर कोणी हसलं नाही. आम्ही न सांगता बसायचो.

आणीबाणी संपून दोनेक वर्षं झाली असतील. नर्सांना सरकारी सायकली मिळणार असं ठरलं. अकरा लेडीज सायकली लॉरीने आल्या. लेडीज सायकलीला वरचा दांडा नसतो, सगळा भार खालच्या तिरप्या पाइपांवर. दुसऱ्या दिवशी कोणी पुढारी येऊन वाटप करणार होते. मांडव पडला होता, हार सांगितले होते. आमची मासिक मीटिंग त्याच दिवशी, म्हणून आम्ही सगळ्या तिथे होतो.

साहेब आनंदात होते. बाबूजींच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "बाबूजी, खास तुमच्या आवडीचा माल आला आहे. पाहा छाप."

प्रत्येक सायकलीच्या सीटखाली दोन सोनेरी हातोडे होते.

मला वाटलं, आता हा म्हातारा नाचायचा बाकी राहील. त्यांनी एका सायकलीचा सीटचा दांडा काढला, आत बोट घातलं. गुळगुळीत. मान हलवली. मग चवन्नी काढली. सीटखालचा पाइप वाजवला, टण् आवाज आला. खालचा तिरपा वाजवला, तर आवाज फुटक्या डब्यासारखा. पुन्हा सीटखालचा, पुन्हा तिरपा. अकराही सायकलींवर हेच. अर्धा तास अंगणात दुसरा आवाज नव्हता.

"सीटखालचा पाइप येगळा आहे, बाकीचे येगळे," ते म्हणाले. "जिथं बोट जाते तिथं चांगला माल, जिथं नाही जात तिथं पापड. मी सही करत नाही."

त्यांची सही झाल्याशिवाय माल रजिस्टरला चढत नव्हता, आणि रजिस्टरला चढल्याशिवाय वाटप होत नव्हतं. सगळं त्या एका सहीवर अडलं. साहेबांनी यात काही खाल्लं होतं का, मला माहीत नाही. मी पाहिलं नाही, म्हणून म्हणत नाही. त्यांना उद्याचा कार्यक्रम पाहिजे होता एवढं खरं. आधी ते हसले, मग समजावलं, मग आवाज चढला. "चवन्नी वाजवून सरकारी माल नापास करता? रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली आहेत बाबूजी. शेवटी शेवटी लाखांदूरकडे बदली घ्यायची इच्छा आहे का?"

"पाठवा. तिकडंबी सायकली आहेत."

"पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"कापून दाखवतो."

"सरकारी मालाला आरी लावाल तर निलंबित करीन. सांगून ठेवतो."

बाबूजींनी चवन्नी खिशात घातली. मग म्हणाले, "ठीक आहे. पहिले माझी कापतो. खरा हातोडा आतून कसा असते ते सगळे पाहा. मंग बोला."

आम्हाला वाटलं, रागात बोलतायत. पण ते गेले, आपली काळी सायकल घेऊन आले, जमिनीवर आडवी केली आणि स्टोअरमधून लोखंड कापायची आरी आणली. वयस्कर सिस्टर म्हणाली, "बाबूजी, नका ना." त्यांनी ऐकलं नाही. मी सायकल धरून बसले, कारण कोणीतरी धरायलाच पाहिजे होती. पाइप सहजासहजी कापला जात नव्हता. एक पातं मोडलं, दुसरं लावलं. त्यांच्या कपाळावरचा घाम पाइपवर पडत होता आणि ते तो पुसत होते, अजूनही पुसत होते. शेवटी खालचा तिरपा पाइप तुटला. त्यांनी भेगेत लाकडाची पाचर ठोकून तोंड थोडं उघडलं आणि आत बोट घातलं.

मी हातभर अंतरावर होते. ते बोट थांबलेलं मी पाहिलं. मागे आलं, पुन्हा पुढे गेलं, पुन्हा थांबलं. बाबूजींचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, हाताला कापलं असेल. मी वाकून पाहिलं. पाइपच्या आत, लांबीच्या बाजूने, जोडाची सरळ रेघ होती.

साहेब दहा पावलांवर पंख्याखाली व्हरांड्यात उभे होते. शिपाई लांब. बाकीच्या नर्सा माझ्या मागे. ती रेघ फक्त आम्हा दोघांना दिसली होती. ते उठून "पाहा, अखंड आहे" म्हणाले असते तर कोणी खाली वाकून बोट घातलं नसतं. त्यांच्या शब्दावर पाइप ओळखायची सगळ्यांना सवयच होती. आणि मी तोंड उघडलं नसतं. खरं सांगते, मी त्यांना डोळ्यांनी खुणावलंसुद्धा, की राहू द्या. आज मला त्याची लाज वाटते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हाक मारली, "साहेब, इकडं या. बोट घाला."

साहेब आले. बोट घातलं.

"जोड आहे ना?" बाबूजींनी विचारलं.

"आहे," साहेब म्हणाले.

"सगळ्यायनं घाला. शिपायायनं बी." आणि त्यांनी खरोखर एकेकाला बोलावून, हात धरून बोट घालायला लावलं. "वीस वर्षांपासून मी सगळ्यायले सांगून राहिलो, माझी सायकल अखंड पाइपाची. खोटं आहे ते. मलेबी सीटखाली बोट घालाले देऊन फसवलं, अन् मी फसलो. पुढं पाहिलंच नाही."

साहेब हसायला लागले. मनापासून हसले. "अहो बाबूजी, मग झालं की. तुमचाही जोडाचा आणि वीस वर्षं टिकला. म्हणजे जोड चालतो. करा सही."

"जोड चालते," बाबूजी म्हणाले. "हे मी आज शिकलो. माझा साडू सांगत होता तर त्याच्या ताटावरून उठलो मी. पण तो आणखी एक गोष्ट सांगत होता. जाडी."

त्यांनी खिशातून एक लोखंडी चकती काढली. तिच्या काठाला लहानमोठ्या खाचा होत्या; ज्या खाचेत पत्र्याची कड घट्ट बसेल ती त्याची जाडी. नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेली ती चकती वर्षानुवर्षं नुसती खिशात फिरत होती. आपल्या कापलेल्या पाइपची कड त्यांनी मोठ्या खाचेत बसवून दाखवली. "ही माझी. जोडाची, पण जाड. आता ती नवी दाखवा मले. तिची जाडी सारखी निघाली तर आत्ता सही करतो अन् उद्या त्या पुढाऱ्याच्या गळ्यात हारबी घालतो."

"सरकारी सायकल कापता येणार नाही." साहेबांचं हसू गेलं होतं. "विषय संपला," म्हणत ते परत व्हरांड्यात चढले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोर साठीला आलेला माणूस स्वतःचं सगळं अंगणात कापून बसला होता, आणि विषय संपला म्हणे. मी टेबलाकडे गेले. वाटपाचा कागद तयारच होता, अकरा नावं, नावासमोर सायकलचा नंबर आणि सहीची जागा. मी माझ्या नावासमोर सही केली. मग माझ्या नंबरची सायकल ओढत आणली आणि बाबूजींच्या पुढ्यात आडवी पाडली.

"ही आता माझ्या ताब्यात आहे," मी म्हटलं. "सही पाहून घ्या. काय व्हायचं ते माझ्या नावावर होऊ द्या. कापा बाबूजी."

"वाटप झालेलं नाही अजून," साहेब ओरडले. "ही सही चालणार नाही."

"मग फाडा. तोवर कापून होते."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. "नोकरी नवी आहे तुही बाई."

"तुमची जुनी आहे. त्यानं काय फरक पडला?"

त्यांनी आरी लावली. त्यांच्या सायकलीला दोन पाती आणि पाऊण तास लागला होता. माझी दुधी भोपळा चिरावा तशी कापली गेली. साहेब व्हरांड्यातून उतरेपर्यंत पाइप तुटला होता. आत जोड होताच, तोही ओबडधोबड. चकतीच्या मोठ्या खाचेत कड खुळखुळली, त्याच्या खालच्या खाचेतही खुळखुळली, आणि पार शेवटच्या बारीक खाचेत जाऊन बसली. बाबूजींनी ती चकती तशीच, पाइपला अडकलेली ठेवून हात काढून घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "वीस वर्षं खोटं बोललो ते माझं मले. त्यानं कोणाचं हाड नाही मोडलं. हे मोडन. दाई मागं बसन, पोटुशी बाई वाट पाहत राहीन, अन् ही पोरगी धुऱ्यावर तोंडावर पडन. मी सही करत नाही."

साहेब कागद घेऊन बाकीच्या नर्सांकडे वळले. "तुम्हाला सायकल पाहिजे ना? या, सह्या करा." वयस्कर सिस्टर जमिनीकडे बघत म्हणाली, "आमी पायी जातो साहेब." बाकीच्या नवांनी तेच सांगितलं. कोणी मोठ्याने बोललं नाही, कोणी भाषण केलं नाही. एकेक करून पिशव्या उचलल्या आणि गेटबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम पुढाऱ्यांची तब्येत बरी नसल्यामुळे रद्द झाला, असं फळ्यावर लिहिलं होतं.

मला सरकारी मालमत्तेची नासधूस केल्याची नोटीस आली. मी उत्तर दिलं, "सायकल बसण्याच्या लायकीची नव्हती, म्हणून कापली. दुसरी दिल्यास तपासून घेईन." हे उत्तर मी स्वतः लिहिलं होतं, बाबूजींनी नाही, लोक उगाच त्यांना श्रेय देतात. बाबूजींकडून स्टोअरच्या चाव्या काढून घेतल्या आणि त्यांना टपालाच्या टेबलावर बसवलं. शेवटची दोन वर्षं त्यांनी पाकिटांवर शिक्के मारले. कोणी हळहळलं की म्हणायचे, "शिक्काबी छापच आहे. फक्त हा खरा आहे का ते मी पाहतो." धान कापणीला आलं तेव्हा त्या दहा सायकली आणि माझी कापलेली अकरावी लॉरीत घालून परत गेल्या. नव्या यायला आणखी तीन महिने लागले. तोवर आम्ही पायी फिरलो. टाचा फुटल्या. एकीनेही कुरकुर केली नाही असं म्हणणार नाही, केली, पण बाबूजींच्या नावाने केली नाही.

त्यांची सायकल दुरुस्तीवाल्याने आतून दुसऱ्या पाइपचा तुकडा घालून, वरून पितळेने झाळून जोडली. रंग लावू का म्हणून विचारलं तर बाबूजींनी नको म्हटलं. काळ्या पाइपवर पिवळाधमक पट्टा दुरून दिसायचा. आणि सीटखालचे ते सोनेरी हातोडे त्यांनी पत्र्याने खरवडून काढले. तेल लावणंही बंद झालं. एका रविवारी ते कॅरियरवर धानाचं पोतं बांधून राइस मिलकडे निघालेले लोकांनी पाहिले. पुढच्या रविवारी दोन पोती. ते पाइपची परीक्षा घेत होते. मला ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

पौषात एका सकाळी बाळंतपण उरकून मी नव्या सायकलीवरून परत येत होते. समोरून बाबूजी येताना दिसले. उतरले नव्हते, चालत नव्हते, पायडल मारत होते, आणि मागे कॅरियरवर काकू बसल्या होत्या. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. मी सायकलवरून खाली उतरले. बाबूजीही पाय टेकून थांबले. दम लागला होता त्यांना.

"वीस वर्षं बाजूनं चालली मी हिच्या," काकू म्हणाल्या. "आज बसली."

"कुठं निघाले?"

"बहिणीकडं. जवाहरनगरले."

सायकलीने ती अर्ध्या दिवसाची वाट. मी बाबूजींना म्हटलं, "एसटीनं काहून नाही जात?"

"एसटीत सायकल कशी नेऊ? साडूले दाखवाची आहे. तो बरोबर होता हे नुसतं बोलून नाही होत बाई, त्याले बोट घालून पाहाले पाहिजे." मग पितळेच्या पट्ट्याकडे पाहून म्हणाले, "आता इथं बोट नाही जात. पण मी सांगन."

माझ्या पर्समध्ये चवन्नी होती. मी काढली आणि वाकून त्यांच्या त्या जोडलेल्या पाइपवर वाजवली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्या सायकलीवर चवन्नी वाजवत होतं. त्यांनी मला अडवलं नाही, कान देऊन ऐकलं.

"कसा वाजते?"

"बद्द," मी म्हटलं.

"वाजू दे. दोघं बसून राहिलो ना त्याच्यावर."

त्यांनी पायडलवर पाय ठेवला. सायकल जराशी डगमगली आणि सरळ झाली. मी वळून पाहत उभी राहिले, वाटलं काकू हात हलवतील. पण त्यांनी दोन्ही हातांनी बाबूजींचा सदरा घट्ट धरला होता.